लॉक मेलं तर डिझाइन गेलं? विकत घेतलेल्या सॉफ्टवेअरची स्वतःपुरती प्रत

धोटा
सोमवार, सकाळी ९:४०

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या चादर-टॉवेलच्या बऱ्याच कारखान्यांत डिझाइनच्या खोलीत एक जुना पीसी असतो. त्याला कुणी हात लावत नाही. त्यावरचं जेकार्डचं (मागावर नक्षी विणणाऱ्या यंत्राचं) सॉफ्टवेअर विंडोज एक्सपीवरच चालतं आणि मागे पॅरलल पोर्टला (जुन्या प्रिंटरच्या जोडणीला) लॉक लावलेलं असतं, म्हणजे छोटं डोंगल, जे लावल्याशिवाय सॉफ्टवेअर चालत नाही. परवाना कायमचा, बिल फायलीत, सीडी कपाटात. पण लॉक गेलं की काम ठप्प. विकणारा म्हणतो, ते व्हर्जन आता आम्ही सांभाळत नाही, नवीन घ्या. नवीन म्हणजे पैसे पुन्हा पहिल्यापासून.

नेमकी माहिती हवी आहे. सीडीची आणि अख्ख्या डिस्कची प्रत काढून ठेवणं कायद्यात बसतं का? लॉक दगावण्याआधी काय करून ठेवावं? आणि ते दगावल्यावर, पैसे मोजलेल्या गिऱ्हाइकाला ते बाजूला सारून सॉफ्टवेअर चालवता येतं का?

'क्रॅक (लॉक तोडलेली चोरटी प्रत) मिळतो की' हे उत्तर नको. ते सगळ्यांना ठाऊक आहे.

शेंगाचटणी
सोमवार, सकाळी ९:५२

क्रॅक मिळतो की.

(बसतो गप. वाचूलालोय.)

कलम_बावन्न
सोमवार, सकाळी ११:१५

पहिल्या प्रश्नाचं उत्तर: हो, बसतं.

कॉपीराइट कायदा १९५७ चा. त्यातलं कलम ५२ म्हणजे काय केलं तर हक्कभंग होत नाही याची यादी. त्यातलं ५२(१)(एए) बघा. प्रोग्रामची प्रत ज्याच्या ताब्यात कायदेशीरपणे आहे, त्याला त्या प्रतीवरून दोन कारणांसाठी आणखी प्रती काढता येतात. एक, प्रोग्राम ज्या कामासाठी दिला ते काम करता यावं म्हणून. दोन, हरवणं, नष्ट होणं, खराब होणं यांच्यापासून तात्पुरतं संरक्षण म्हणून बॅकअप. सीडीची आयएसओ आणि डिस्कची इमेज (म्हणजे अख्ख्या सीडीची किंवा डिस्कची एका फाइलमधली प्रत) दोन्ही यात येतात. 'तात्पुरतं' हा शब्द मात्र विसरू नका. बॅकअप कपाटात ठेवायचा असतो, तो दुसऱ्या पीसीवर चढवून दोन्हीकडे काम सुरू केलं की तो बॅकअप राहत नाही.

गल्लत होते ती (एडी) मध्ये. तिथे कायदेशीर प्रतीवरून वैयक्तिक, बिगरव्यावसायिक वापरासाठी प्रत काढायची मुभा आहे. कारखान्याने तिचा आधार घेऊ नये, चादरी विकायलाच विणता ना. (एए) मध्ये व्यावसायिक आणि बिगरव्यावसायिक असा भेद नाही, म्हणून तुमचं कलम ते. आणि ५२(१)(ए) मधला 'खासगी वापर' प्रोग्रामला लागूच होत नाही, तिथे संगणक प्रोग्राम स्पष्टपणे वगळलेला आहे. गाण्याच्या सीडीचा न्याय सॉफ्टवेअरला लावू नका.

तिसरा प्रश्न अवघड आहे. २०१२ च्या दुरुस्तीने कलम ६५ए आलं, २१ जून २०१२ पासून लागू. संरक्षणासाठी बसवलेला तांत्रिक उपाय जो कुणी हक्कभंग करण्याच्या हेतूने चुकवेल, त्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. यातले 'हेतूने' आणि 'हक्कभंग' हे दोन शब्द महत्त्वाचे. पोटकलम (२) म्हणतं, कायद्याने स्पष्टपणे मनाई न केलेल्या कामासाठी असं करणाऱ्याला हे कलम आडवं येत नाही. मात्र दुसऱ्याला अशी मदत करणाऱ्याने त्या माणसाचं नाव, पत्ता, ओळख पटेल असा तपशील आणि मदत कशासाठी केली याची पूर्ण नोंद ठेवायची आहे. थोडक्यात, नवी पेठेतल्या दुरुस्तीवाल्याने अशा कामात हात घातला तर वही ठेवणं हा त्याच्या हौसेचा भाग नाही, कायद्याची अट आहे.

आणि क्रॅकवाल्यांसाठी ६३बी: प्रत चोरीची आहे हे माहीत असून संगणकावर वापरली तर किमान ७ दिवस ते ३ वर्षं कैद, ५० हजार ते २ लाख दंड. धंद्यासाठी वापर नसेल तर न्यायालय कैद टाळू शकतं. कारखान्याला ती सवलत मागता येत नाही.

बिलबुक
सोमवार, दुपारी १२:०५

दुसरी बाजूही लिहायला हवी. सूत व्यापाऱ्यांसाठी, दलालांसाठी, यंत्रमागवाल्यांच्या हिशेबासाठी इथे लहान लहान पॅकेजं बनतात. बनवणारे दोघं-तिघं असतात. लॉक नसेल तर एका बिलावर अख्खी गल्ली चालते, आणि फोन मात्र सगळ्यांचे येतात, 'रिपोर्ट निघंना' म्हणून. लॉक लावायला कुणाला हौस नाही. लॉकचे पैसे पदरचे जातात, शिवाय 'लॉक सापडत नाही म्हणूलालंय' हे फोन वेगळेच.

अवांतर: १९८६ चा ब्रेन व्हायरस लाहोरच्या दोन भावांनी लिहिला. आपलं वैद्यकीय सॉफ्टवेअर कुठे कुठे फुकट चाललंय ते कळावं म्हणून, असं त्यांचं म्हणणं. प्रत अडवण्याच्या नादात औषध रोगापेक्षा वाईट निघतं ते असं.

धोटा
सोमवार, दुपारी १२:२०

@बिलबुक, तक्रार लॉक लावण्याबद्दल नाहीच. विकणाऱ्याने हात वर केल्यावर लॉकचं काय, एवढाच प्रश्न आहे.

नवीपेठ_रिपेअर
सोमवार, रात्री १०:३०

दुसऱ्या प्रश्नावर सविस्तर लिहितो, कारण नव्वद टक्के वेळा लॉक मेलेलंच नसतं.

पॅरलल पोर्टचं लॉक सापडत नसेल तर आधी बायोस (पीसी सुरू होतानाची मूळ सेटिंग) उघडा. पोर्टचा पत्ता ३७८ आहे का ते बघा. मोड ईसीपी असेल तर ईपीपी किंवा एसपीपी करून बघा, जुन्या लॉकना ईसीपी मानवत नाही. बायोसची बॅटरी संपली की सगळी सेटिंग मूळपदावर जातात, म्हणून 'काल चालत होतं, आज नाही' यामागे पुष्कळदा लॉक नसतं, सीआर२०३२ असते. मल्टीमीटरवर २.८ व्होल्टच्या खाली दिसली तर बदला. मुदतीचा परवाना असेल तर ही बॅटरी आणखी घात करते: तारीख मागे गेली की सॉफ्टवेअरला वाटतं कुणी घड्याळ फिरवलं, आणि ते कायमचं रुसतं. म्हणून बॅटरी बदलल्यावर सॉफ्टवेअर उघडण्याआधी बायोसमध्ये तारीख-वेळ बरोबर करा. हा क्रम चुकवू नका.

लॉकच्या मागे प्रिंटर जोडलेला असेल तर काढून बघा. बंद प्रिंटर कधी कधी रेषा खाली ओढून धरतो.

यूएसबीचं लॉक असेल तर बघा त्याचा दिवा लागतो का. दिवा नाही: पोर्ट बदला, पुढच्या पॅनेलचं पोर्ट वापरू नका, आतली वायर निकृष्ट असते. कापसाची पूड पोर्टमध्ये बसते, ती ब्रशने काढा. फुंकर मारू नका, ओल जाते. दिवा आहे तरी 'एच०००७' येतंय: लॉक मिळालं नाही असा त्याचा अर्थ, दोष बहुधा ड्रायव्हरचा किंवा सेवेचा. हास्प किंवा सेंटिनेल जातीचं लॉक असेल तर ब्राउझरमध्ये लोकलहोस्टच्या १९४७ पोर्टवर जा (स्वातंत्र्याचं साल, लक्षात राहतं). यादीत लॉक दिसलं तर लॉक जिवंत आहे, दोष सॉफ्टवेअरकडे शोधा. 'एच००२७' आलं तर कुणीतरी विंडोजच्या रिमोट डेस्कटॉपने शिरलंय. बरीच लॉक त्या मार्गाने चालू देत नाहीत. प्रत्यक्ष पीसीसमोर बसा, चालेल.

मधूनच गायब होणारं लॉक: पॉवर सेटिंगमधलं यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड बंद करा. नव्या पीसीच्या यूएसबी ३ पोर्टला जुनं लॉक कुरकुरतं, मध्ये साधा यूएसबी २ हब घाला.

आता खरोखर मोडलेलं. खुर्ची सरकली, लॉकला धक्का बसला, यूएसबीची चिमटी बोर्डावरून उखडली, हा सर्रास प्रकार. चारच टाके असतात: १ ला ५ व्होल्ट, २ ला डेटा उणे, ३ ला डेटा अधिक, ४ ला ग्राउंड. नवी चिमटी टाकून डाग द्या. १ आणि ४ मध्ये ५ व्होल्ट मिळतात पण दिवा नाही, तर क्रिस्टल बघा. पडलेल्या लॉकमध्ये तो तडकतो, वरून काही दिसत नाही. वर लिहिलेल्या मेगाहर्ट्झचाच नवा टाका. चिप काळ्या रेझिनमध्ये बुडवलेली असेल तर हात लावू नका, तिथे दुरुस्ती संपली. हे सगळं निव्वळ डागकाम आहे, यात काही चुकवणं नाही, तेव्हा ६५ए ची भीती नको.

मोडक्या लॉकचे तुकडे फेकू नका! बहुतेक विक्रेते तुकडे परत घेऊन बदली देतात. 'हरवलं' म्हणालात की नवीन परवान्याचे पैसे मागतात, कारण हरवलेलं लॉक दुसऱ्या कुणाकडे चालू असू शकतं.

बिलबुक
सोमवार, रात्री १०:५८

शेवटचा मुद्दा शंभर टक्के. आगीच्या विम्यात पण लॉक लिहा, आणि किंमत सॉफ्टवेअरची लावा. नाहीतर सर्व्हेअर लॉकला पेनड्राइव्ह समजतो.

पत्तेवाला
मंगळवार, सकाळी ७:३०

धोटेसाहेब, आधी हे दुखणंच नव्हतं. जेकार्डला भोकं पाडलेले पत्ते असायचे. एका पिकला (आडव्या धाग्याला) एक पत्ता, चोवीसशे पिकच्या डिझाइनला चोवीसशे पत्ते दोरीने ओवलेले. भोकं फाटली की तेवढेच पत्ते जुन्यावर ठेवून नवे पाडायचे आणि माळेत ओवायचे. पत्त्याची प्रत पत्त्यावरूनच. मालकाने दुसरा संच करून माळ्यावर ठेवला तर कुणाच्या बापाचं काय जात नव्हतं.

कलम_बावन्न
मंगळवार, सकाळी ८:१०

त्यात एक फरक आहे. पत्ते म्हणजे तुमचं डिझाइन, सॉफ्टवेअर म्हणजे डिझाइन काढायचं हत्यार. आजही डिझाइनच्या फायली तुमच्याच आहेत, त्यांच्या शंभर प्रती काढा. पण त्या ज्या पद्धतीने साठवल्या ती पद्धत फक्त त्या हत्यारालाच वाचता येते, खरी गोम तिथे आहे. म्हणून आजच प्रत्येक डिझाइन साध्या बिटमॅपमध्येही काढून ठेवा. एक ठिपका म्हणजे एक हुक (उभा धागा उचलणारा) आणि एक पिक, रंग इंडेक्स्ड (मोजक्या रंगांच्या ठरावीक यादीतले) ठेवा. जेपेग करू नका, ते कडेचे रंग मिसळतं आणि आठ रंगांचे आठशे होतात. विणींची यादी वेगळ्या कागदावर: कोणत्या रंगाला कोणती वीण.

स्वतः बनवलेल्या प्रोग्रामचा दुसऱ्याशी मेळ बसवण्यासाठी लागणारी माहिती, ती सहज मिळत नसेल तर, काढून घ्यायची मुभाही ५२(१)(एबी) मध्ये आहे. फाइल वाचणारा छोटा प्रोग्राम कुणी लिहून देत असेल तर त्याला हे कलम दाखवा.

सातरस्ता
मंगळवार, दुपारी १:४५

डिस्कच्या प्रतीबद्दल, कारण तिथे माणसं हमखास पाय घसरून पडतात.

आयडीई (रुंद पट्टी-केबलची जुनी) डिस्क काढा, ॲडॉप्टरने दुसऱ्या पीसीला जोडा. साडेतीन इंची डिस्कला १२ व्होल्टचा वेगळा पुरवठा लागतो, नुसत्या यूएसबीवर ती फिरणार नाही. जंपर मास्टरवर. विंडोजने 'इनिशियलाइज करू का' विचारलं तर रद्द करा, एका होकारात पार्टिशन टेबल जातं. पेनड्राइव्हवरून क्लोनझिला (डिस्कची प्रत काढायचं सॉफ्टवेअर) चालू करून अख्ख्या डिस्कची सेक्टर-टू-सेक्टर इमेज घ्या. ४० जीबीला यूएसबी २ वर साधारण अर्धा तास. डिस्क टकटक करत असेल तर क्लोनझिलाच्या आधी डीडीरेस्क्यू, ते खराब जागा सोडून पुढे जातं आणि मग मागे येतं. इमेजच्या दोन प्रती करा, एक कारखान्याबाहेर ठेवा.

सेक्टर-टू-सेक्टर का? काही प्रोग्राम लॉकशिवाय डिस्कच्या क्रमांकालाही बांधलेले असतात. हे क्रमांक दोन असतात. व्हॉल्यूमचा क्रमांक फॉरमॅट करताना तयार होतो आणि अशा प्रतीत जसाच्या तसा येतो. दुसरा डिस्कच्या फर्मवेअरमध्ये कोरलेला, तो कधीच येत नाही. दुसऱ्याला बांधलेला परवाना नव्या डिस्कवर उठणार नाही, तुम्ही कितीही इमानदार असा. नेटवर्क कार्डाच्या मॅक पत्त्याला बांधलेला असेल तर सोपं आहे: जुनं पीसीआय कार्ड उचलून नव्या पीसीत लावा.

व्हर्च्युअल मशीन (नव्या पीसीच्या आत चालणारा आभासी पीसी) करायचं असेल तर डिस्क कंट्रोलर आयडीई ठेवा. साटा दिलात तर एक्सपी निळा पडदा आणि ७बी दाखवून बसेल. यूएसबीचं लॉक आत देता येतं, पण व्हर्च्युअल मशीन ओळखून नकार द्यायची सोय लॉकमध्येच असते आणि काही विक्रेते ती चालू ठेवतात. पॅरलल पोर्ट आत देणं भरवशाचं नाही.

धोटा
मंगळवार, दुपारी २:००

बाजारात यूएसबी-टू-पॅरलल केबल मिळते. तिने?

नवीपेठ_रिपेअर
मंगळवार, दुपारी २:२०

पैसे वाया. ती केबल फक्त प्रिंटरची भाषा बोलते. लॉकचा ड्रायव्हर थेट ३७८ पत्त्यावर जाऊन रेषा हलवतो, तिथे त्याला कुणी भेटत नाही. पीसीआय एक्सप्रेसचं कार्डही वेगळाच पत्ता घेतं, काही ड्रायव्हर शोधतात, बरेच शोधत नाहीत.

मदरबोर्ड घेताना मॅन्युअलमध्ये एलपीटी हेडर (बोर्डावरची पॅरलल पोर्टची जोडणी) आहे का बघा. मागे सॉकेट नसलं तरी काही बोर्डांवर २६ पिनांची जागा असते (एक पिन रिकामी), पंचवीस पिनांचं ब्रॅकेट स्वस्तात मिळतं. हा खरा पोर्ट, पत्ता ३७८. त्यावर ३२ बिटांची विंडोज टाका. ६४ बिटांवर जुना, सही नसलेला ड्रायव्हर चढत नाही आणि १६ बिटांचा इन्स्टॉलर उघडतही नाही. असा एक पीसी आत्ताच जुळवून, लॉक लावून, चालवून बघून, गुंडाळून ठेवा. आणि नेटला जोडू नका. एक्सपीची मदत ८ एप्रिल २०१४ लाच थांबली.

बाराबंदी
मंगळवार, सायंकाळी ६:१०

थोडं बाजूचं: जेकार्डच्या कंट्रोलरला फ्लॉपी लागते. चांगल्या फ्लॉप्या मिळंनात. डिझाइनच्या आणि सिस्टिमच्या फ्लॉपीची प्रत कशी काढायची?

सातरस्ता
मंगळवार, सायंकाळी ६:४०

डिझाइनच्या फ्लॉपीला अडचण नाही. फ्लॉपी ड्राइव्ह काढून तिथे गोटेक एम्युलेटर (फ्लॉपीऐवजी पेनड्राइव्ह वाचणारी पेटी) बसवा, ३४ पिनांची तीच केबल, ५ व्होल्ट. त्यात फ्लॅशफ्लॉपी फर्मवेअर घाला, पेनड्राइव्ह एफएटी३२, प्रत्येक फ्लॉपीची १.४४ एमबीची इमेज. बसवल्यावर दिवा सतत पेटलेला राहिला तर केबल उलटी लागलीय. कंट्रोलर ड्राइव्ह ओळखत नसेल तर एस०-एस१ चा जंपर बदला. जुना ड्राइव्ह फेकू नका.

सिस्टिमची फ्लॉपी साध्या प्रतीने उठली नाही तर तिच्यात मुद्दाम बिघडवलेले सेक्टर असतील. पीसी ते 'चूक' म्हणून सोडतो, आणि कंट्रोलर नेमकी तीच चूक शोधतो. त्यासाठी ग्रीझवीझल बोर्डाने फ्लक्स पातळीवर (फ्लॉपीवरच्या चुंबकीय खुणा जशाच्या तशा) वाचायचं, म्हणजे चुकीसकट प्रत येते. स्वतःच्या चालू यंत्राच्या फ्लॉपीचा बॅकअप असेल तर कलम वर दिलंच आहे. वाचण्याआधी ड्राइव्हचं डोकं आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. बुरशी आलेली फ्लॉपी तशीच फिरवली तर डोकंही जातं आणि फ्लॉपीही.

शेंगाचटणी
मंगळवार, रात्री ९:०५

गंमत पुरे, खरा प्रश्न. लॉकची नक्कल करणारे एम्युलेटर असतात. लॉक चालू असताना त्यातला मजकूर वाचून ठेवतात. पैसे भरलेल्याने ते वापरलं तर चोर कसा?

कलम_बावन्न
मंगळवार, रात्री ९:५०

हेतू हक्कभंगाचा नाही असं म्हणता येतं, आणि बाजू भक्कम आहे: परवाना कायमचा, लॉक तुमचंच, विकणाऱ्याचा नकार लेखी, वापर एकाच पीसीवर. यातला एक पाय निसटला तरी टेबल कलंडतं. 'लेखी'वर जोर आहे. फोनवरचं 'नाही साहेब' उपयोगाचं नाही, ईमेल पाठवून नकार मागवा.

दुसरी अडचण कराराची. युरोपच्या २००९ च्या निर्देशात म्हटलंय की बॅकअपची प्रत काढायचा हक्क कराराने हिरावता येत नाही. आपल्या कलम ५२ मध्ये असं वाक्य नाही. तेव्हा गुन्हा झाला नाही तरी कराराचा भंग झाल्याचा दावा होऊ शकतो. अमेरिकेत याच दुखण्यावर २००३ मध्ये सवलत मिळाली होती: बिघडलेलं किंवा मोडलेलं आणि कालबाह्य झालेलं लॉक ज्या प्रोग्रामला आडवं येतं, त्यांच्यासाठी. ती तिथल्या कायद्यावरची, इथे दाखला म्हणून सांगता येईल, ढाल म्हणून नाही.

बिलबुक
मंगळवार, रात्री १०:१५

शिवाय असे एम्युलेटर ज्या साइटवरून येतात तिथे पहिली सूचना असते 'अँटिव्हायरस बंद करा'. कर्नलमध्ये बसणारा ड्रायव्हर अनोळखी माणसाकडून घ्यायचा, आणि त्याच पीसीवर डिझाइनं. विचार करा की हो.

धोटा
बुधवार, सकाळी १०:००

विक्रेता काहीच दाद देत नसेल तर ग्राहक आयोग?

कलम_बावन्न
बुधवार, सकाळी १०:४०

२०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात व्यावसायिक कारणासाठी घेणारा 'ग्राहक' नाही. पण स्वयंरोजगार म्हणून, पोटापाण्यासाठी स्वतःच वापरणारा ग्राहक आहे. घरी बसून डिझाइन काढून देणारा एकटा डिझायनर सोलापूरच्या जिल्हा आयोगात जाऊ शकतो, विक्रेता मुंबईचा असला तरी. ५० लाखांपर्यंतचा मोबदला जिल्ह्यात, ५ लाखांपर्यंत फी नाही, तक्रार मात्र तिचं कारण घडल्यापासून दोन वर्षांत करायची. चाळीस मागांच्या कारखान्याला तिथे उभं राहणं कठीण. त्याने खरेदीच्या वेळीच बांधून घ्यावं. खरेदीच्या ऑर्डरवर हे टाका:

'परवाना कायमचा आहे. लॉक नादुरुस्त झाल्यास विक्रेता ते परत घेऊन वाजवी मुदतीत बदली देईल. पीसी बदलल्यास परवाना नव्या पीसीवर विनामूल्य हलवून देईल. या व्हर्जनची सेवा बंद केल्यास विक्रेता शक्यतो लॉकशिवाय चालणारी प्रत देईल.'

बिलबुक
बुधवार, सकाळी ११:१०

विकणाऱ्याच्या खुर्चीतून सांगतो. 'वाजवी मुदतीत' काढा, '७ दिवसांत, तोवर तात्पुरती सॉफ्ट की' (लॉकच्या जागी चालणारा कोड) लिहा. तात्पुरती की ईमेलने दहा मिनिटांत जाते, त्याला कुणी नाही म्हणणार नाही. 'विनामूल्य' ला 'वर्षातून एकदा' जोडा, नाहीतर सही होणार नाही.

आणि 'शक्यतो' हा शब्द खोडा. सगळी पळवाट त्या एका शब्दात आहे.